चिलारीचा मुलूख : प्रस्तावना

औंधला मूळपीठाच्या डोंगरावर यमाईच्या पायऱ्या चढून गेलेल्या माणसाने एप्रिल-मे महिन्यात जरा थांबून खाली पाहावे. माळ पिवळा पडलेला, नांगरटी उघड्या, विहिरीच्या आसपास कुठे उसाचा किंवा कडवळाचा एखादा तुकडा. या भाजलेल्या मुलखात ओढ्यांच्या रेघा तेवढ्या हिरव्यागार दिसतात. नवखा माणूस म्हणतो, वा, पाणी आहे की! गावचा माणूस हसतो. "पाणी कुठलं? चिलार हाय ती."

चिलार म्हणजे वेडी बाभूळ. कुणी विलायती बाभूळ म्हणते. कच्छमध्ये ती गांडो बावळ होते आणि तमिळनाडूत सीमै करुवेलम. आपल्या गावठी बाभळीशी तिचे नाते लांबचे. जवळचे नाते आहे ते दसऱ्याला पुजल्या जाणाऱ्या शमीशी. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे तिचे शास्त्रीय नाव गेली कित्येक दशके चालत आले होते. २०२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी या गणाची फोड केली. शमी प्रोसोपिसमध्येच राहिली आणि चिलार नेल्टुमा या गणात गेली. कागदोपत्री का होईना, वाटणी झाली. पण रक्ताचे नाते कागदाने तुटत नाही, आणि या नात्याची अडचण पुढे एका महत्त्वाच्या ठिकाणी येणार आहे.

हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचे. हिंदुस्थानात ते १८७७ साली आले. मद्रास इलाख्यातले वनाधिकारी कर्नल बेडोम यांनी जमैकाहून बी मागवले आणि कडप्पा जिल्ह्यातल्या कमलापुरमला त्याची रोपे लागली. कोरड्या मुलखाला जळण मिळावे, उघडी जमीन झाकली जावी, हा हेतू. तो वाईट होता असे आज कुणी म्हणू नये. १९४० साली मारवाड दरबाराने या झाडाला शाही झाडाचा मान दिला. १९६१ पासून कच्छच्या बन्नीत वनखात्याने खारे रण थोपवण्यासाठी त्याची मोठी लागवड केली, आणि आशियातल्या उत्तम गवताळ कुरणांपैकी एक मानले जाणारे ते कुरण पुढे या झाडाखाली गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथिओपियाच्या अफार भागात आणि केनियाच्या बरिंगो तळ्याकाठी हीच गोष्ट जशीच्या तशी घडली. आधी दुष्काळ, मग मदत, मग रोपवाटिका, आणि वीस वर्षांनी जनावरांना वाट सापडेना.

औंधच्या मुलखाबद्दल दोन शब्द आधीच सांगायला हवेत. औंध संस्थान होते तेव्हाही ते एकसंध नव्हते. खटावात औंध, पूर्वेला आटपाडी महाल, कृष्णेकाठच्या बाजूला कुंडल आणि थेट विजापुराकडे गुणदाळ, अशा ठिगळांचा तो नकाशा. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला, तोच आजचा सांगली. त्यामुळे जुन्या संस्थानाचा एक भाग सातारच्या कलेक्टरकडे, दुसरा सांगलीच्या. पाणीही असेच दोन वाटांनी जाते. औंध-खटावाकडचे ओढे येरळेतून कृष्णेला मिळतात, आटपाडीकडचे माणगंगेतून भीमेला. दोन्ही खोऱ्यांत पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आटपाडीत त्याहून कमी. आणि दोन्ही खोऱ्यांत नदीचे पात्र, ओढ्याचा काठ, पाझर तलावाचे पोट चिलारीने भरलेले.

परदेशी काट्याने हा मुलूख व्यापण्याची ही पहिली वेळ मात्र नव्हे. ती जुनी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही जमीन कशी होती? निवडुंगाने गच्च भरलेला, सापांनी ख्यात असलेला उजाड माळ. कारखान्याच्या इतिहासात हा निवडुंग पराक्रमाची पार्श्वभूमी म्हणून येतो. पण तो फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच होता. कुंपणासाठी लावला गेला आणि कुंपण ओलांडून सगळा माळ त्याने घेतला. दख्खनच्या पठारावर एके काळी गावेच्या गावे या निवडुंगाने वेढलेली होती.

मग तो गेला कुठे? आज माणदेशात फिरताना फड्या निवडुंग दिसतो, पण बांधावर एखादे बेट, देवळामागे एखादे झुडूप, इतकाच. त्याचे उत्तर एका किड्यात आहे. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंगाचा धंदा करायचा होता, म्हणून ब्राझीलहून रंग देणारा किडा आणला गेला. तो चुकीच्या जातीचा निघाला. रंग काही नीट मिळाला नाही, पण निवडुंगाची एक जात त्याने फस्त केली. परक्या किड्याने परके तण आटोक्यात येण्याचे जगातले हे पहिले उदाहरण, आणि तेही अपघाताने. आपल्याकडच्या चिवट जातींवर मात्र त्याची मात्रा चालली नाही. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याच्या भाऊबंदातली दुसरी जात दक्षिण भारतात आणली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत निवडुंगाची बेटेच्या बेटे वाळून गेली. हा किडा आजही दिसतो. निवडुंगाच्या फड्यावर कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके असतात. त्यातला एक बोटाने चिरडला की बोट लालभडक होते. तेच ते कंपनीला हवे असलेले किरमिजी.

ही गोष्ट ऐकली की गावातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : मग चिलारीवर असा किडा का सोडत नाहीत? प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी झाड नीट ओळखले पाहिजे.

चिलार इकडे नेमकी केव्हा आणि कशी आली याबद्दल गावोगाव एकच कथा ऐकू येते. दुष्काळानंतर सरकारने विमानातून बी टाकले. विमानाचे काय ते असो. शेळी असल्यावर विमानाची गरजच नव्हती.

उन्हाळ्यात चिलारीखाली पडलेली एक शेंग उचलून पाहावी. बोटभर ते वीतभर लांब, किंचित वाकलेली, पिकल्यावर फिकट पिवळी. मोडली तर आत चिकट, गोड गर. साखर भरपूर, प्रथिनेही बऱ्यापैकी. म्हणजे ऐन मे महिन्यात, जेव्हा रानात चघळायला काही नसते, तेव्हा हे झाड पेंड वाटत बसलेले असते. गराच्या आत दहा ते तीस बिया, आणि प्रत्येक बी आपल्या स्वतंत्र कडक कोषात बंद. शेळी-मेंढी शेंग खाते, गर पचतो, बऱ्याचशा बिया अख्ख्या बाहेर पडतात. पोटातल्या आम्लाने त्यांचे कवच मऊ झालेले असते आणि सोबत लेंडीखताची पुडी बांधून मिळालेली असते. पहिल्या पावसानंतर वाघरीत, जिथे रात्री मेंढरे कोंडतात तिथे, लेंड्यांतून दोन-दोन हिरवी पाने वर आलेली दिसतात. ज्या बिया त्या वर्षी उगवत नाहीत त्या मातीत वर्षानुवर्षे तग धरून राहतात.

आता हा मुलूख मेंढरांचा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घडते ती याच संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत. पावसाळ्यानंतर कळप पश्चिमेकडे निघतात, वाटेवरचे शेतकरी धान्य आणि पैसे देऊन खतासाठी शेतात मेंढरे बसवतात. शेतातले रोप नांगराने मरते. बांधावरचे आणि ओढ्याकडचे राहते. झाडाची पाने मात्र कडू, त्यांना शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. शेंग गोड आणि पाला कडू, ही या झाडाची सगळी हुशारी. जनावराने बी न्यावे, रोप खाऊ नये.

कडूपणामागे अल्कलॉइडे आहेत. त्यातले मुख्य ज्युलिप्रोसोपिन. त्याच्या रेणूची घडण मोठी मजेशीर आहे : दोन टोकांना दोन वलये, मध्ये एक जोडवलय आणि त्यांना बांधणाऱ्या लांब, तेलकट साखळ्या. टोके पाण्याकडे झुकणारी, साखळ्या तेलाकडे. असा दुतोंडी रेणू पेशीच्या पातळ आवरणात सहज घुसतो आणि तिथली कामे बिघडवतो. हे निव्वळ पुस्तकी नाही. ब्राझीलमध्ये ज्या गुरांना महिनोन् महिने मुख्यतः शेंगांवर ठेवले गेले त्यांच्या जबड्याचे स्नायू वाळले. चघळताना मान वाकडी व्हायची, जीभ लोंबायची, घास गळून पडायचा. तपासात दिसले की जबडा हलवणाऱ्या चेतापेशींनाच, मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्रात, इजा झालेली होती. केनियात तर बरिंगोच्या लोकांनी दात गेलेली शेळीच नैरोबीच्या न्यायालयात नेऊन उभी केली. म्हणून शेंगांची भरड पेंडीत थोड्या प्रमाणात मिसळणे वेगळे आणि दुष्काळात जनावर नुसते शेंगांवर जगवणे वेगळे. भरडण्याचा आणखी एक फायदा आहे : बी फुटते आणि पुढची चिलार तिथेच संपते.

चिलारीखाली गवत का उगवत नाही, याचे सरसकट उत्तर 'ती विष सोडते' असे दिले जाते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पाल्याचा अर्क घातला की इतर बिया उगवत नाहीत किंवा खुरटतात हे खरे आहे. अल्कलॉइडे, फिनॉल वर्गातली द्रव्ये, ट्रिप्टोफॅन, असे बरेच काही त्या अर्कात सापडले आहे. पण बशी म्हणजे माळ नव्हे. मातीत जिवाणू असतात, ते यातले पुष्कळसे खाऊन टाकतात. माझ्या मते इकडच्या ओढ्यात गवताला मारणारी मुख्य गोष्ट साधी आहे : सावली आणि पाणी. काट्यांच्या जाळीखाली ऊन पोचत नाही, आणि जी ओल असते ती झाड आधी ओढून घेते. विषाची गोष्ट सनसनाटी आहे म्हणून ती जास्त चालते, एवढेच.

पाण्याचा हिशेब करायचा तर अफारमधली मोजणी हाताशी आहे. तिथे मधल्या आकाराचे एक झाड दिवसाला सरासरी ७ लिटर, तर मोठे झाड ३६ लिटरपर्यंत पाणी हवेत सोडते असे आढळले. ७ लिटर म्हणजे बादलीभरही नाही. पण दाट चिलारीत हेक्टरी हजार खोडे धरली तर दिवसाला ७ हजार लिटर होतात. दीड हेक्टरच्या जाळीमागे दहा हजार लिटरचा एक टँकर रोज, रविवारची सुट्टी नाही. अफारचे आकडे अफारचे. आपल्या मुरमात आणि काळ्या मातीत ते कमी-जास्त होतील. तरी ज्या तालुक्यात माणसांना टँकरने पाणी येते तिथे पाझर तलावाच्या पोटात ही जाळी असावी, हा उफराटा कारभार आहे. मुळांची खोली तर विचारू नये. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या एका उघड्या खाणीत या कुळातल्या झाडाचे मूळ ५३ मीटर खोल सापडले होते. १७० फुटांहून जास्त. एवढ्या खोलवर आपल्याकडे बोअरच जातात.

बहात्तरच्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, बंधारे झाले. अलीकडे वॉटर कपच्या निमित्ताने माण-खटावच्या गावांनी रात्री-रात्री श्रमदान करून सलग चर खोदले. त्या कामाला नावे ठेवायची नाहीत. पण जिथे गाळ आणि ओल साठते तिथे बी वाहत येते हे त्या आराखड्यांत क्वचितच धरलेले असते. पात्रात झाड उभे राहिले की त्याच्या बुडाशी गाळ अडतो, गाळावर आणखी झाडे येतात, पात्र अरुंद होते आणि मोठ्या पावसात पाणी काठ कापून शेतात शिरते.

आणि माळ. हा खिलार जनावरांच्या पैदाशीचा मुलूख. खरसुंडीच्या यात्रेत आजही खोंडांचा बाजार भरतो. ती जनावरे पोसली गेली कुसळी, पवना, मारवेल अशा गवतांवर, आणि सावली होती हिवराची, बोरीची, कडुनिंबाची. सरकारी दप्तरात असा माळ पडीक म्हणून लिहिला जातो, आणि पडीक म्हटले की झाडे लावायची. त्या पडीक जमिनीवर लांडगा राहतो, खोकड राहते, चिंकारा राहतो, चंडोल गातो. सोलापूरच्या बाजूला नान्नजला ज्या माळढोकासाठी अभयारण्य केले तो पक्षी उघड्या गवताशिवाय जगू शकत नाही. झाडोरा वाढला की तो तिथून उठतो. कुठल्याही झाडाला चांगले म्हणण्याची आपली सवय या मुलखात महागात पडली आहे.

दुसरी बाजू न मांडता पुढे जाणे अन्यायाचे होईल. घरोघरी गॅस येण्याआधी इकडची चूल चिलारीनेच पेटवली. लाकूड जड, ओले असतानाही पेटणारे, निखारा टिकणारा. जिला दोन मैल जाऊन जळण आणावे लागे तिला ते परड्यामागे मिळू लागले. त्या बाईसमोर परदेशी आक्रमक प्रजातींवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. फुलांवर मधमाश्या येतात. काट्याच्या फांद्यांचे कुंपण होते. हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधला जातो, त्यामुळे झाडाखालची माती सुधारते. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने खारवट जमिनी सुधारण्यासाठी हेच झाड वापरून दाखवले आहे.

शिवाय कोळसा. रायगडाकडचे कातकरी दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन देशावर येतात आणि चिलारीच्या रानात पाले ठोकतात. लाकडाचे तुकडे रचायचे, वर गवत-पाचोळा, त्यावर ओली माती थापायची आणि एका तोंडाने पेटवून हवा कोंडायची. आधी दाट पांढरा धूर येतो, ती लाकडातली वाफ. मग तो निळसर, विरळ होतो. म्हणजे आत लाकडाचा कोळसा झाला. या मधल्या रात्रींत कुणीतरी जागेच राहायचे, कारण मातीला भेग पडून हवा शिरली की सगळ्याची राख. चार-पाच किलो लाकडाला किलोभर कोळसा. पोती शहरातल्या हॉटेलांच्या तंदुरीकडे जातात, आणि उचल फिटत नाही म्हणून माणसे पुढच्या वर्षी पुन्हा येतात. काही ठिकाणी हा व्यवहार वेठबिगारीपर्यंत गेल्याची प्रकरणे उघड झाली आहेत. 'कोळसा करा म्हणजे चिलार संपेल' असे सांगणाऱ्यांनी हे चित्रही पाहावे. दुसरे असे की कोळसावाला झाड जमिनीबरोबर तोडतो, खणत नाही. त्याला पुढच्या दोन-तीन वर्षांनी परत यायचे असते.

चिलारीबरोबर आणखी दोन परक्या झाडांचा उल्लेख पुढच्या पानांत येतो, तोही इथे थोडक्यात. गिरिपुष्प साताऱ्याच्या डोंगरउतारांवर वनीकरणात लावले गेले, माघ-फाल्गुनात ते गुलाबी फुलते आणि लोक थांबून फोटो काढतात. त्याच्या पाल्यात कुमारिन असते. पाला कुजताना बुरशी-जिवाणू त्यातून डायकुमेरॉल बनवतात, ते रक्त गोठू देत नाही. म्हणून त्याचे दुसरे नाव उंदीरमारी. दुसरे सुबाभूळ, १९७०च्या दशकात चाऱ्यासाठी गाजलेले. त्यातल्या मिमोसिनने घोड्याच्या आयाळीचे केस गळतात, पण योग्य जिवाणू पोटात असलेली शेळी ते आरामात पचवते. या दोघांची कथा वेगळी आहे. ती दोघे बहुतेक जिथे लावली तिथे आणि आसपास आहेत. चिलार आपण होऊन चालते.

आता नियंत्रण. नेहमीचा प्रकार सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. उन्हाळ्यात निधी येतो, जेसीबी येतो, ओढा दोन दिवसांत लख्ख होतो, पुढारी फोटो काढतात. दिवाळीपर्यंत प्रत्येक बुडख्यातून आठ-दहा धुमारे कमरेएवढे झालेले असतात. जिथे एक खोड होते तिथे झुडूप झाले, आणि कुऱ्हाड घालायला आता जागाच राहिली नाही. आधीपेक्षा काम अवघड.

याचे कारण झाडाच्या मानेत आहे. जमिनीच्या पातळीपासून खाली साधारण वीत-दीड वीत, जिथे खोड संपून मूळ सुरू होते, तिथे झोपलेले डोळे असतात. वरून तोडले की ते जागे होतात. त्यांच्याखालच्या मुळाला मात्र फुटवा येत नाही. म्हणजे पन्नास मीटर मुळाच्या मागे लागण्याची गरज नाही. मान तेवढी पूर्ण उपटली पाहिजे. कुदळ, पहार आणि मृगानंतरची भिजलेली जमीन, एवढ्यात माणूस मनगटाएवढे झाड कायमचे काढू शकतो. जेसीबीही हे करू शकतो, पण त्यासाठी चालकाला तासावर पैसे देऊन चालत नाही. त्याने दात खाली घालून बुडखा उचलावा लागतो, आणि ते कुणीतरी उभे राहून पाहावे लागते. मोठ्या झाडांसाठी ऑस्ट्रेलियात ट्रायक्लोपिर हे तणनाशक डिझेलमध्ये मिसळून खोडाच्या बुडाशी लावतात. तिथली झाडे आणि आपली विहिरीला लागून असलेली ओढ्याची चिलार यांत फरक आहे; पात्रात असली द्रव्ये वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. बुडख्यावर जळके ऑइल, रॉकेल, मीठ ओतण्याचे गावठी उपाय तर झाडापेक्षा पाण्यालाच जास्त बाधतात.

किड्याच्या प्रश्नाकडे आता येतो. दक्षिण आफ्रिकेने १९८७ मध्ये शेंगांतल्या बिया खाणारा भुंगेरा आणला. मुद्दाम बी खाणाराच, कारण तिथल्या शेतकऱ्याला सावली, लाकूड आणि चारा हवा होता, प्रसार तेवढा नको होता. पण भुंगेऱ्याआधी शेळ्या-मेंढ्या शेंगा फस्त करतात, त्यामुळे परिणाम माफकच राहिला. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये अर्जेंटिनाचा पाने गुंडाळणारा एक पतंग सोडला. पश्चिमेकडच्या पिल्बारात त्याने झाडांची वाढ चांगलीच रोखली. मग आपण? इथे ती वाटणी न मानणारी भाऊबंदकी आडवी येते. निवडुंगावर सोडलेल्या किड्याला भारतात दुसरे खायला जवळपास काही नव्हते, कारण निवडुंगाचे कूळच इथे परके. चिलारीवर सोडलेल्या किड्याला शेजारी शमी आहे. राजस्थानात तीच खेजडी; तिच्या पाल्यावर मारवाडची शेळी-उंटे जगतात आणि तिच्यासाठी १७३० मध्ये खेजडलीला ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. तो किडा शमीला तोंड लावत नाही हे शंभर टक्के सिद्ध झाल्याशिवाय तो सोडणे हा शुद्ध अविचार होईल. तेव्हा निवडुंगासारखा चमत्कार मनातून काढून टाकलेला बरा.

उरते ते कष्टाचे काम, आणि ते कुणी करायचे हा खरा तिढा. ओढ्याचे पात्र महसूलचे, पाझर तलाव जलसंधारणाचा किंवा जिल्हा परिषदेचा, रस्त्याची कड बांधकाम खात्याची, डोंगर वनखात्याचा आणि गायरान ग्रामपंचायतीचे. बी मात्र एकच. एका खात्याने वरचा भाग साफ केला आणि खालचा तसाच राहिला तर चालते. उलट झाले तर सगळे फुकट, कारण पाणी वरून खाली वाहते. हे ठरवणारा माणूस गावातलाच हवा. औंधला ही कल्पना नवी वाटू नये. १९३९च्या जानेवारीत याच संस्थानाने गांधीजींच्या सल्ल्याने, अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या मेहनतीने तयार झालेली राज्यघटना लागू केली आणि गावचा कारभार निवडून आलेल्या पंचायतीकडे सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांनी भिंतींशिवाय माळावर शेती केली ती त्याच काळात. शिवाराचा निर्णय शिवारात घेण्याचा अनुभव इथल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला होता. आज चिलार काढण्याचे अंदाजपत्रक तालुक्याला बनते, ठेका जिल्ह्याला निघतो आणि धुमारे गावात फुटतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या खणणीसाठी मी तरी एकाही अंदाजपत्रकात रकाना पाहिलेला नाही.

रिकामी केलेली जागा रिकामी ठेवली तरीही सगळे वाया जाते. मातीत जुने बी आहे, ते ऊन लागताच उठते. त्याच पावसात मारवेल, पवना यांचे ठोंब लागले पाहिजेत, काठाला हिवर आणि गावठी बाभूळ आली पाहिजे, आणि दोन वर्षे तरी चराई बंद राहिली पाहिजे. चराईबंदी म्हटली की मेंढपाळ उठतो, आणि त्याचे बरोबर असते. म्हणून शेंगा वेचून भरडणे, ती भरड चराईच्या बदल्यात त्याच्याच वाड्यावर देणे, हा सौदा या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो. काहींना तो फार व्यवहारी वाटेल. वाटू द्या.

कामाचा क्रम साधा आहे. उन्हाळ्यात शेंगा वेचायच्या, पावसाच्या तोंडाशी खणायचे, दिवाळीला फिरून धुमारे बघायचे. सुरुवात दाट जाळीत करायची नाही. आधी ओढ्याच्या उगमाकडची सुटी झाडे, एकेकटी, जी दोघे मिळून एका सकाळी काढू शकतात, जाळी शेवटी. ज्यांना वेळ नाही त्यांनी बुडखा खणण्याचे प्रकरण आधी वाचावे आणि कुदळ घ्यावी. रसायनाचे प्रकरण पावसाळ्यात, मेंढरे घरी असताना, वाचले तरी चालेल.